बागेत ज्ञानेश्वरी: १८ अध्याय, १८ बागा. पटतं का तुम्हाला?

सदाफुली:
माघापासून नेम धरलाय. ज्ञानेश्वरीचा एक अध्याय, पुण्यातली एक बाग. पहिला संभाजी बागेत झाला, दुसरा सारसबागेत. सहाव्याला मुद्दाम सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेले. अभ्यासाची जागा कशी असावी ते माउलींनी त्याच अध्यायात सांगितलंय: पावलोपावली निर्मळ पाणी, मुळासकट गोड अशी दाट झाडं. शेजारी पाणी वाहतंय आणि मांडीवर त्याच ओव्या! इतकी वर्षं घरी वाचत आले, पण त्या दिवशी डोळे भरून आले. आता १२ झालेत.

परवा एका बागेत एका गृहस्थांनी हटकलं, "ही काय देवळाची ओसरी आहे का?" माझा आवाज पुटपुटण्याइतकाच होता. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. माझं खरंच चुकतंय का?

रोखठोक:
ताई, तुमच्या भक्तीबद्दल आदर आहे, पण मला नाही पटत. बाग सगळ्यांच्या पैशातून चालते. आज तुम्ही एकट्या पुटपुटता, उद्या दहा जणी येतील, मग सतरंजी, मग स्पीकर. आमच्या कॉलनीच्या बागेत एका झाडाखाली फोटो ठेवला होता, आज तिथे कठडा आहे आणि मुलांची घसरगुंडी कोपऱ्यात गेली. कुठल्याही धर्माचा ग्रंथ असता तरी हेच म्हटलं असतं.

आणि सहावा अध्यायच काढलात म्हणून सांगतो. लोकांच्या पायरवाने मळणार नाही अशी जागा असावी, हेही तिथेच लिहिलंय. रविवारची सारसबाग त्यात बसते का?

नेवासेकर:
रोखठोक, तो दाखला ध्यानाला बसणाऱ्या साधकासाठी आहे, वाचणाऱ्यासाठी नाही. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती श्रोत्यांपुढे. पानोपानी श्रोत्यांना हाक आहे, त्यांचं लक्ष मागितलंय. संस्कृतातली गीता देशी भाषेत आणली ती चारचौघांत ऐकू यावी म्हणूनच. ज्या खांबाला टेकून माउलींनी ती सांगितली असं मानतात, तो नेवाशाला आजही आहे, एकदा जाऊन या. बागेतल्या बाकावर बसून लोक मोबाईलवर मोठ्याने बोलतात, त्यांना कोण हटकतं?

दोन पिल्लांची आई:
मोबाईलवाले चुकतात म्हणून हेही बरोबर, असं कसं? माझी मुलं संध्याकाळीच खेळतात. "हळू, आजी वाचताहेत" असं मला दोनदा सांगावं लागलंय (या ताईंबद्दल नाही, दुसऱ्या कुणाबद्दल). मुलांना गप्प बसायला लावणारी कुठलीही गोष्ट बागेत नको. सकाळी सहाला वाचा, तेव्हा आमची अजिबात हरकत नाही.

तुळशीवृंदावन:
माझा आक्षेप वेगळाच आहे. पोथीला आसन लागतं. पायात चपला, बाकावर कुत्रं झोपून गेलेलं, त्यावर पोथी? आमच्या घरी अंघोळ केल्याशिवाय पोथीचं वस्त्र कुणी सोडत नाही. शिवाय १८ बागा पुऱ्या करायच्या म्हटलं की लक्ष आकड्यात अडकतं.

सदाफुली:
सगळ्यांचं वाचलं. तुळशीवृंदावन, पोथी घरीच असते. बागेत छोटी प्रत नेते, मांडीवर पंचा अंथरून. एकदा मुलांचा चेंडू थेट पानावर आला, नवव्यात. चेंडू घ्यायला आलेला पोरगा विचारतो, "आजी, यात गोष्ट आहे का?" पुस्तक मिटून त्याला अर्जुनाची गोष्ट सांगितली, तो अध्याय दुसऱ्या दिवशी संपवला. आकडा अडवत असता तर उठले नसते.

पिल्लांची आई, तुमचं मान्य. आजपासून सकाळीच, तेही मनातल्या मनात. ओवी ओठांवर आली नाही तर मला ती अर्धीच वाटते, पण ते मी सोसेन. रोखठोक, फोटो, फूल, उदबत्ती यातलं माझ्याकडून काही होणार नाही. पण वाचणं सोडणार नाही. पंधराव्यातला मुळं वर, फांद्या खाली असा अश्वत्थ मला एम्प्रेस गार्डनच्या जुन्या झाडांखालीच वाचायचाय.

रोखठोक:
मनात वाचणार असाल तर मला बोलायला जागाच नाही, ते पुस्तक वाचणंच झालं. स्पीकरची भीती मात्र कायम आहे, ती तुमच्यामुळे नाही. आणि अठराव्याचं काय? १८०० च्या वर ओव्या आहेत आणि दुपारी बागा बंद असतात.

सदाफुली:
तीन सकाळी लागतील. कमला नेहरू पार्कात गेटच्या जवळचा बाक सावलीत असतो, तो बघून ठेवलाय.