‘सेन्सर बदला, नाहीतर फ्यूज उपटा’ या सल्ल्याला उत्तर

ओहमबाबा:
स्कोडाच्या पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियावर परवा इथे एक सल्ला वाचला. एबीएसची (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लाईट लागली की चाकाचा वेग मोजणारे मागचे सेन्सर बदला, नाही गेली तर पुढचे, तरी नाही गेली तर फ्यूज काढून टाका, ‘जुन्या गाडीला कशाला हवंय एबीएस’. खाली वाहवाचा पाऊस. म्हणून हे लांबण.

आधी लाईट कधी लागते ते बघा. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पेटून विझते आणि गाडी हलल्यावर परत लागते? म्हणजे वायरिंग बहुधा शाबूत आहे, चाकाचा सिग्नल येत नाहीये किंवा एबीएसचा पंप स्वतःच्या चाचणीत नापास झालाय. पहिल्यापासून विझतच नाही? तुटलेली वायर, फ्यूज, सप्लाय किंवा मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा कंट्रोल बॉक्स. मुळात पेटतच नाही? मग बहुधा गाडी विकणाऱ्याने बल्ब काढलाय.

स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल इंजिनापलीकडे बघत नाही. ०३ नंबरच्या, म्हणजे एबीएसच्या मॉड्यूलशी बोलणारं व्हीसीडीएस (फोक्सवॅगन-स्कोडाचं स्कॅनर) लागतं. त्यातले कोड: ००२८३ पुढचं डावं, ००२८५ पुढचं उजवं, ००२८७ मागचं उजवं, ००२९० मागचं डावं. कोड चाक दाखवतो, दोषी पार्ट दाखवत नाही.

पुढे मल्टिमीटर. बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि मॉड्यूलच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर) सेन्सरचा रोध मोजायचा, चाकाशी नाही. तेव्हाच मधली सगळी वायर मोजली जाते. साधारण १ ते १.३ किलोओहम यायला हवेत, आणि दोन्ही वायरींपासून बॉडीला काहीच नाही. मीटर लावलेला असताना कुणाला तरी हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवायला सांगा, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. आकडा उडाला की वायर आतून तुटलीय, बहुतेकदा स्ट्रटपाशी (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरपाशी), वरचं रबर मात्र धडधाकट. अशा गाडीला नवा सेन्सर घालून काय होणार?

स्टेपनी:
तो सल्ला माझा. बाबा, तुमचं प्रवचन घरी वेळ असणाऱ्यांसाठी आहे. सेन्सर एका ॲलन बोल्टवर असतो, पंधरा मिनिटांत बदलतो. मीटर घेऊन हार्नेस हलवत बसायचे पैसे गिऱ्हाईक देतं का?

ओहमबाबा:
पंधरा मिनिटं बोल्टला. पंधरा-वीस पावसाळे खाल्लेल्या नकलमधून (हब धरणाऱ्या लोखंडी भागातून) सेन्सर सरळ निघतो कुठे? डोकं तुटून हातात येतं, बाकीचा आत. मग ड्रिल करा, नाहीतर हब उतरवा. चांगला असलेला सेन्सर तुम्ही तपासायच्या आधीच मारलात, त्याचे पैसे गिऱ्हाईक देतं ना?

हॉलमार्क:
दोघांनीही पॅसिव्ह सेन्सर धरलाय, नुसती कॉइल आणि चुंबक असलेला. नंतरच्या गाड्यांत ॲक्टिव्ह असतात, सप्लायवर चालणारे, तिथे ओहम मोजून काहीही कळत नाही, उलट मीटरने सेन्सर जाऊ शकतो. तो करंटवर बोलतो, ७ किंवा १४ मिलिॲम्पिअर. एका वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर घाला, चाक हळू फिरवा, त्यावर ०.७ आणि १.४ व्होल्ट आलटून पालटून दिसले पाहिजेत. आणि हा सेन्सर जी चुंबकी पट्टी वाचतो ती सीलमध्ये असलेलं बेअरिंग उलटं ठोकलं तर सिग्नल शून्य. अशा वेळी सेन्सर बदलून दमतात लोक.

ओहमबाबा:
मान्य. शीर्षकात ‘पॅसिव्ह’ लिहायला हवं होतं, आपली परवानगी घेऊन.

डॉटचार:
एवढं सगळं लिहिलंत, ब्रेक फ्लुइडबद्दल अवाक्षर नाही! डॉट ४ प्रतीचं फ्लुइड कोरडं २३० डिग्रीला उकळतं, पाणी प्यालेलं १५५ ला. दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि इथे लोक दहा वर्षं तेच काळं पाणी वापरतात. एबीएसच्या मॉड्युलेटरचे (ब्रेकचं प्रेशर कमीजास्त करणाऱ्या युनिटचे) व्हॉल्व्ह गंजून जाम होतात ते त्यामुळेच.

स्टेपनी:
फ्लुइड बदलल्याने ००२८७ जातो का? मग दुसऱ्या धाग्यावर जा.

डॉटचार:
जात नाही. पण नवं युनिट घालायची पाळी येते तेव्हा मला आठवाल.

घाटमाथा:
मला फ्यूजचं विचारायचंय. काढला तर बिघडतं काय? मारुती ८०० ला कुठे एबीएस होतं? घाट उतरतच होत्या ना?

हॉलमार्क:
८०० ला मागच्या ब्रेकचं प्रेशर आवरायला मेकॅनिकल व्हॉल्व्ह होता. ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचं प्रेशर वाटणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) आल्यावर बऱ्याच गाड्यांतून तो काढला, ते काम एबीएसच्याच युनिटकडे गेलं. फ्यूज उपटलात की मागच्या चाकांना पूर्ण प्रेशर. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गिरकी घेते. ती तुमची ८०० होत नाही, ८०० पेक्षा वाईट होते.

घाटमाथा:
म्हणजे लाईट लागलेल्या सगळ्या गाड्या गिरक्या घेत फिरतायत? उगाच भीती घालू नका.

हॉलमार्क:
वाचायचे कष्ट घ्या. नुसती पिवळी एबीएसची लाईट असेल, एकच सेन्सर गेला असेल, तर ईबीडी बहुधा चालू असतो. सोबत लाल ब्रेकची लाईटही लागली तर तो गेला (किंवा फ्लुइड कमी आहे, ते आधी बघा). फ्यूज काढल्यावर दोन्ही लागतात. लोक हँडब्रेक राहिला समजून लीव्हर खालीवर करत बसतात.

स्टेपनी:
आता माझं ऐका. सिग्नलला थांबताना, अगदी ताशी सात-आठला, पेडल पायाखाली थरथरतं आणि गाडी हातभर पुढे जाते. लाईट नाही, कोड नाही. सेन्सर ज्याचे दात मोजतो ती दातेरी रिंग तडकलेली असते. ॲक्सलवर रिंगखाली गंज फुगतो, रिंग फाटते, एका दातामागची फट रुंद होते, मॉड्यूलला वाटतं चाक लॉक झालं आणि ते प्रेशर सोडतं. रिंग मिळेपर्यंत चालू एबीएस जास्त धोक्याचं. इथे फ्यूज काढणं चूक कसं? सांगा बाबा.

ओहमबाबा:
निदान बरोबर आहे, झक मारत कबूल. तारेच्या ब्रशने रिंग पुसून चाक हळूहळू फिरवा, तडा डोळ्यांनी दिसतो. पण फ्यूज कशाला? त्याच चाकाच्या सेन्सरचा कपलर काढा. एबीएस बंद होतं, पिवळी लाईट लागते, लाल लागली नाही म्हणजे ईबीडी जागा आहे. कपलरला प्लॅस्टिक बांधा, पाणी शिरायला नको.

स्टेपनी:
हं. हे चालेल. पण ०१२७६ आला, पंपाचा, तर तुमचे ओहम चुलीत.

ओहमबाबा:
तिथेही मीटरच. बॅटरीच्या झाकणावरच्या फ्यूजबॉक्समधले एबीएसचे ३० ॲम्पिअरचे दोन फ्यूज बघा, वितळलेलं प्लॅस्टिक बघा. पंप फिरताना युनिटची अर्थिंग आणि बॅटरीची निगेटिव्ह यांत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. मोटारचा कपलर वेगळा निघत असेल तर तिला थेट १२ व्होल्ट द्या, सेकंदभर. फिरली तर मोटार चांगली, बहुधा मॉड्यूलच्या आतले सांधे सुटलेत, ते रिपेअर होतात. पूर्ण युनिट मागवायची घाई नको. जुन्या गाडीतलं काढून आणलंत तर कोडिंग जुळवावं लागेल.

डॉटचार:
आणि युनिट उतरवलंत की नुसत्या पेडलने हवा निघत नाही, स्कॅनरवरून पंप चालवून ब्लीडिंग (पाइपांतली हवा काढणं) करावं लागतं. नव्या फ्लुइडने. एक लिटर आणून ठेवा, आधीच फोडलेला डबा नको.

स्टेपनी:
हा आला परत.