रडगाणं आणि मग सत्कार? नाही पटलं
वर कुणीतरी लिहिलंय की संकटावर मात केल्याची पुस्तकं सगळी सारखीच, आधी रडगाणं मग सत्कार. मला नाही पटलं हे. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमचं' हे दलित आत्मकथन वाचा ना, फलटणला किराणा दुकान चालवणारी बाई, पुड्या बांधायच्या रद्दीतलं वाचायची आणि घरच्यांपासून लपवून वहीत लिहायची, कितीतरी वर्षं ते तसंच पडून होतं आणि पुस्तक आलं १९८६ ला. त्यात मी कशी जिंकले असलं काही नाहीच, सगळं 'आम्ही' आहे, बाळंतिणीच्या पोटात अन्न नाही, सुनांचे हाल, वाचवत नाही अक्षरशः. नाशिकला सावानातून (सार्वजनिक वाचनालयातून) मी आणलेल्या प्रतीत नेमक्या त्याच पानांवर कुणीतरी पेन्सिलीने रेघा मारल्यात, एरवी राग येतो मला पण इथे नाही आला.

लक्ष्मण मानेंचं 'उपरा' (१९८०) पण तसंच, गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारं कैकाडी कुटुंब, शिकूनही सुटका नाही. 'यशाची सूत्रं'वाल्या पुस्तकांशी यांची तुलनाच करू नका प्लीज. आणि आपले दलित कथाकार बाबूराव बागूल नाशिक जिल्ह्यातलेच, त्यांच्या कथा कुणी वाचल्यात का इथे?