हळदीची गाणी, मोबाइल आणि स्मरणशक्ती

प्रश्न (चोपडा): हळदीच्या वेळी अहिराणी गाणी पाठ म्हणणाऱ्या आमच्या आत्या आता दुसऱ्या कडव्यालाच थांबतात आणि मोबाइलवरचे रेकॉर्डिंग लावायला सांगतात. मोबाइलमुळे स्मरणशक्ती घटते, असे संशोधन सांगते का?

उत्तर (जळगाव): घटते असे नाही, तर तिची वाटणी बदलते. बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि डॅनियल वेग्नर यांच्या 2011 च्या, ‘सायन्स’मधील शोधनिबंधानुसार, टंकलिखित माहिती संगणकात जतन राहणार असे ज्यांना वाटत होते, त्यांना ती कमी आठवली, मात्र ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हे अनेकदा अधिक चांगले आठवले. माणसे आठवणींचा भार आपसांत वाटून घेतात, हे वेग्नर यांनी 1980 च्या दशकातच मांडले होते. घरातील देण्याघेण्याच्या साऱ्या नोंदी एकट्या आजीकडे असतात, तसेच हे.

उत्तर (धुळे): थोडी सावधगिरी हवी. त्याच निबंधातील एक प्रयोग इतर संशोधकांनी पुन्हा केला, तेव्हा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मूळ परिणाम आढळला नाही. शिवाय ते प्रयोग सुट्या विधानांवर होते. चाल, यमक आणि सोबतिणींचा सूर यांच्या आधाराने टिकणाऱ्या गाण्यांना ते जसेच्या तसे लागू करणे मला तरी घाईचे वाटते.

प्रश्नकर्ता (चोपडा): सोबतिणींचा मुद्दा पटला. आत्यांबरोबर गाणाऱ्या दोघी आता सुरतेला राहतात.