प्रति: मोत्याचा गोचीडताप
तुमचा कुत्रा मोत्या भाकरीला तोंड लावत नाही, रक्तात एर्लिकिया, म्हणजे गोचिडीतून येणारा तापाचा जंतू, निघाला म्हणताय. जीव खालीवर होणारच. पण डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेत सुरू झालं की बरेचदा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. गोम पुढंच आहे: शेपूट हलली की लोक गोळ्या बंद करतात! साधारण २८ दिवसांचा कोर्स पुरा करा. गोळी भाताच्या घासात द्या, रिकाम्या पोटी उलटी होते. आपली माणसांची तापाची गोळी मात्र चुकूनही नको. ओठ उचलून हिरड्या रोज बघा. पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर खानापुरात वाट बघत बसू नका, सरळ बेळगाव गाठा. आणि बऱ्याचशा गोचिड्या कुत्र्यावर नसतातच हो, भिंतीच्या फटीत बसलेल्या असतात. तिथंही औषध मारून घ्या. पुढच्या तपासणीत प्लेटलेट किती आल्या, कळवा.