उन्हाळी वाचन आणि गावची देणगी: साताऱ्या-सांगलीकडचे अनुभव

मेच्या सुट्टीत वाचनालयात मुलं जमवायची तर पैसा कुठून आणायचा, हे कोडं प्रत्येक कार्यवाहाला पडतं. 1967च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असेल तर अनुदान येतं, पण पगार, पुस्तकं, वीजबिल यांतच ते संपतं. मग उरतं गाव. कुणाकडे मागितलंत, काय मिळालं, कुठं अडलं ते लिहा. कौतुक कमी, कामाचं जास्त.

ग्रंथपाल, विट्याजवळचं गाव
आमच्या खानापूर तालुक्यातली कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी केरळ, तमिळनाडूपर्यंत पांगलीत. यात्रा नि लग्नसराईला मंडळी गावी येतात, तेव्हाच गाठायची. ‘वाचनालयाला मदत करा’ म्हटलं की पाचशेची नोट निघते आणि विषय मिटतो. म्हणून मी यादीच घेऊन जाते. एकाच गोष्टीच्या पुस्तकाच्या दहा प्रती, रोजची शेंगदाणा चिक्की, दोन सतरंज्या. एका शेठनी चिक्की अंगावर घेतली, तर समोरच्या घरानं लगेच सतरंज्या. शेजाऱ्यानं दिलं म्हटल्यावर राहवत नाही माणसाला.

दहा प्रती कशाला, असं सगळेच विचारतात. या शेठ लोकांची पोरं घरी मराठी बोलतात, पण शाळा तिकडची. अक्षर अडतं. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी आपापल्या पुस्तकात बोट फिरवत यायचं. कोइमतूरला वाढलेली एक पोरगी जोडाक्षर आलं की थांबायची. शेजारी बसलेला गावातला पोरगा तेवढाच शब्द हळूच सांगायचा, की गाडी पुढं. मे संपता संपता तीच त्याला दटावत होती, ‘थांब, मी वाचते.’

माजी खजिनदार, सातारा
पावती नीट फाडा. माझ्या कारकिर्दीत 80जीचा, म्हणजे देणगीवर करात वजावट देणाऱ्या कलमाचा गोंधळ फार व्हायचा. दोन हजारांच्या वर रोख दिले तर देणाऱ्याला वजावट मिळत नसे, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला तर मुळीच नाही. तेव्हा करसवलतीचं आमिष दाखवण्याआधी समोरच्याला विचारा. देणग्यांचं विवरण भरायची मुदत 31 मे, म्हणजे ऐन शिबिराच्या धामधुमीत. ते काम एप्रिलमध्येच उरका.

निवृत्त शिक्षिका, सांगली
2019च्या महापुरात आमच्या बालविभागाचा लगदा झाला. मुलांच्या हाताला येतात ते खालचे खण, तेच आधी बुडाले. त्यानंतर दानाचा दुसरा पूर आला. बाद अभ्यासक्रमाची गाइडं, वाळवी लागलेले दिवाळी अंक, कुणाच्या तरी बीकॉमच्या वह्या! माणूस रिक्षा करून आलेला असतो, नाही कसं म्हणणार? आता दारातच दोन टेबलं मांडतो. एकावरची पुस्तकं दाखल नोंदवहीत जातात, दुसऱ्यावरची रद्दीत. रद्दीच्या पैशातून नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पुस्तकं घेतो, स्वस्त पडतात. हे देणाऱ्याला तोंडावर सांगतो. काहीजण चिडतात. चिडू देत.

पालक, कराड
देणगीदारांनी जाहीर केलं, सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला सायकल. झालं, पोरं बारीक पुस्तकं हुडकायला लागली. आमचे चिरंजीव उभ्या उभ्या दोन ‘संपवून’ सही ठोकून आले. गोष्ट काय होती रे? ‘एक राजा होता.’ बरं, पुढं? ‘मेला.’ पुढच्या वर्षी मी म्हटलं, सायकल नको, देणगीदार काकांनीच मुलांत बसून एक गोष्ट वाचावी. आले बिचारे, पण चष्मा घरी. मग पोरांनीच त्यांना वाचून दाखवली, आणि एकालाही शेवट गाळू दिला नाही काकांनी.

कार्यकर्ता, वाई
आम्ही मुलांना पाचगणीजवळच्या भिलारला नेतो. 4 मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या राहत्या घरांत प्रकारवार पुस्तकं मांडलेली, बसून वाचायला पैसे पडत नाहीत. खर्च काय तो जाण्यायेण्याचा. वडापच्या जीपवाल्यानं भाडं सोडलं, डिझेल एका मेडिकलवाल्यानं घातलं. पसरणी घाटात एखादं पोर ओकतंच, पिशव्या जवळ ठेवा. शनिवार-रविवार टाळा, पाचगणीच्या गर्दीत गाडी हलत नाही. परतताना बालसाहित्याच्या घरातून पोरं उठेनात, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय. यंदा नावं जास्त आलीत, दुसरी गाडी लागणार. मेढ्याकडचा कुणी वडापवाला ओळखीचा असेल तर सांगा, डिझेल आम्ही बघतो.