घरच्या घरी ईव्हीचं ब्रेक ऑइल प्रेशर पंपाने बदलावं का? खानदेशातल्या गाडीवाल्यांनी बोला

रावेरचा_केळीवाला
राम राम मंडळी. माझं मत आधीच सांगतो: बदलावं, आणि पॅडल मारत बसण्यापेक्षा प्रेशर पंपाने बदलावं.

ईव्हीत रीजनमुळे (वेग कमी करताना मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते त्यामुळे) पॅड वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून लोक ब्रेकचं झाकणच उघडून बघत नाहीत. पण ऑइल किलोमीटरने खराब होत नाही, वयाने होतं. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. तेच ३.७ टक्के पाणी शिरलेल्या ऑइलला किमान १५५ चालतो. बऱ्याच मॅन्युअलमध्ये दोन वर्षांची मुदत असते, ती याचसाठी.

पंप म्हणजे हवाबंद डबा, वर हातपंप, प्रेशरचा काटा आणि ऑइलच्या टाकीवर घट्ट बसणारं झाकण. १५ पीएसआय (टायरच्या हवेचंच माप) भरपूर झाले. चाकाजवळचं निपल (ऑइल सोडायचा स्क्रू) सैल केलं की जुनं काळपट ऑइल नळीतून बाटलीत येतं. 'दाब, धर, सोड' ओरडायला दुसरा माणूस लागत नाही. आमच्याकडून सर्व्हिस सेंटरला जायचं म्हणजे जळगाव, अख्खा दिवस मोडतो.

भुसावळ_नाइट_शिफ्ट
भाऊ, पंपाला विरोध नाही, ईव्हीला आहे. पेट्रोल गाडीत पॅडल, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर, त्या जोराने ऑइल दाबणारा मास्टर सिलिंडर, संपलं. बऱ्याच नव्या ईव्हीत पायाखाली खरा दाब लागतच नाही. पॅडल फक्त सेन्सर आणि स्प्रिंगवर चालतं, दाब मोटर तयार करते. अशा गाडीत लाइनमध्ये हवा राहिली तरी पॅडल कडकच लागेल. मग तू कशावरून म्हणणार काम नीट झालं?

शिवाय काही गाड्यांचं ब्रेक युनिट दार उघडताच जागं होऊन दाब भरतं. टोयोटाच्या जुन्या प्रियस हायब्रिडमध्येही हे होतं. तेव्हा निपल उघडं असेल तर? स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय हात लावू नये.

रावेरचा_केळीवाला
म्हणूनच म्हणतो, आधी मॅन्युअल वाचा. स्कॅनर लागतो असं लिहिलं असेल तर विषय संपला, घरी नाही. पण सगळ्या ईव्ही तशा नाहीत. आणि नुसतं ऑइल बदलताना टाकी कोरडी पडू दिली नाही तर हवा आत जातेच कशी? एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) ठोकळ्यात थोडं जुनं ऑइल राहील, त्याने काही बिघडत नाही.

चाळीसगाव_घाटवाट
मला यात रस आहे कारण सासरवाडी कन्नडला. रात्री तिथे गाडी १०० टक्के चार्ज करायची आणि सकाळी घाट उतरायचा. बॅटरी भरलेली असली की रीजन जवळपास लागतच नाही, वीज ठेवणार कुठे? अख्खा घाट मग पॅड आणि ऑइलवर. आता मी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवतो. पण जुनं ऑइल घेऊन मी तो घाट उतरणार नाही, मग ते घरी बदललेलं असो नाहीतर सेंटरला.

धुळे_कापूसवाला
आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतं, त्यातच ऑइल उकळत असेल भो 😄 पण हवा इतकी कोरडी की पाणी कुठून शिरणार? दोन वर्षांचा नियम मुंबईवाल्यांसाठी.

बाकी हा पंप विकत कशाला? फवारणीचा जुना पंप घरोघरी पडलेला आहे. झाकणाला नळी जोडली की झालं.

गॅरेज_अमळनेर
अण्णा, नका हो असलं काही सांगू लोकांना. एक नंबर चूक ही. ४५ अंशाने ऑइलला काही होत नाही. घाटात एकामागून एक ब्रेक मारल्यावर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापतो, तिथे ते उकळतं. आणि पावसाळ्याचे चार महिने गाडी कुठे ठेवता, कपाटात?

फवारणीच्या पंपात औषधाचा अंश राहतो, वॉशरला वंगण असतं. ब्रेकचं रबर खनिज तेलाने फुगतं. थेंबभर गेलं तरी मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सगळी सीलं बदलायची पाळी येऊ शकते. नवा पंप घ्या. त्यातही डब्यात ऑइल न भरता नुसती हवा दाबा आणि दर चाकानंतर दाब सोडून टाकी भरा. झाकण नीट बसलं नाही तर ऑइल बॉनेटमध्ये उडतं, रंग खातं. लगेच पाण्याने धुवा. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी तर अजिबात लावू नका, प्लास्टिकची टाकी फुटेल.

अजून एक. व्हिडिओ बघून करणारे मागच्या उजव्या चाकापासून सुरुवात करतात. ते डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचं. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणजे सगळ्यात लांबचं चाक मागचं डावं. तरी क्रम मॅन्युअलमधलाच धरा, काही गाड्यांत तो वेगळाच असतो.

भुसावळ_नाइट_शिफ्ट
आप्पा, एवढं सगळं माहीत असलेला माणूस घरी करेल तर ठीक. वाचणाऱ्यांपैकी निम्मे गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली वाकतील. बॅटरीमुळे ईव्ही जड, आणि जॅक चुकून बॅटरीच्या पेटीला लागला तर ब्रेकचा खर्च बरा म्हणायची वेळ येईल.

गॅरेज_अमळनेर
जॅक ठरलेल्या जागीच, खाली घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावूनच. यावर वाद नाही.

पण मला विचाराल तर तुम्ही दोघंही ऑइलवरच अडकलात. माझ्याकडे येणाऱ्या ईव्हींत जास्त करून कॅलिपरच्या पिना अडकलेल्या असतात, डिस्क गंजलेली असते. ब्रेक वापरलाच जात नाही ना. टियागो ईव्हीला मागे ड्रम, ते उघडून बघायचा तर लोकांना कंटाळा. चाक काढलंच आहे तर पिन साफ करून योग्य ग्रीस लावा. ते काम घरी करायला माझी पूर्ण परवानगी. ऑइल मात्र माझ्यासमोर बदला.

रावेरचा_केळीवाला
पिनांचं मान्य, शंभर टक्के. ऑइलचं नाही. सेंटरला दिल्यावर चारही निपल उघडले की नुसती टाकी उपसून वरून नवं ओतलं, हे मला कोण सांगणार? घरी करतो तेव्हा प्रत्येक चाकातून स्वच्छ ऑइल आलेलं डोळ्यांनी दिसतं.

भुसावळ_नाइट_शिफ्ट
मग सेंटरला समोर उभं राहून करून घे. वॉरंटीचा कागद तरी हातात राहतो. उद्या ब्रेकचं युनिट गेलं तर तुझ्या डोळ्यांनी पाहिलेलं कंपनी ग्राह्य धरणार नाही.

चाळीसगाव_घाटवाट
समोर उभं राहू देतात कुठे? काचेमागे बसवतात आणि चहा देतात. केळीवाले दादा, तुमची गाडी कोणती, कोणत्या वर्षाची? मॅन्युअलच्या ब्रेकच्या पानाचा फोटो टाका. स्कॅनर लागतो की नाही ते आधी बघू, मग भांडू.