डीकम्प्रेशन सिकनेसला मराठीत काय म्हणाल?

चांदणचुरा: पाणबुड्यांसाठीच्या सुरक्षापुस्तिकेचं भाषांतर करतेय. खोलातून भरभर वर आलं की अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे ठणकतात, कधी पाय लुळे पडतात, तो आजार. मी 'विसंपीडन व्याधी' लिहिलं. संपादक म्हणतात, वाचतानाच धाप लागते.

तळटीप: 'दाबउतार' म्हणा. सुटसुटीत.

खडीसाखर: 'उतार पडला' म्हणजे बरं वाटलं! पाणबुड्या खूश होऊन भरकन वर येईल.

जुनाजाणता: निदान 'दाब' म्हणताय, 'दबाव' नाही, हे नशीब. हल्ली हवासुद्धा दबाव आणते.

वाटसरू: इंग्रजीतलं 'बेंड्स' हे नाव मजुरांत रुळलेलं. पुलाचे पाये खणायला नदीतळाशी दाबाची हवा भरलेल्या पेटीत उतरायचे, वर आले की दुखण्याने वाकून चालायचे. ब्रुकलिन पुलाचा अभियंता रोबलिंग 1872 मध्ये यानेच अंथरुणाला खिळला. मग 'वाकडी' का नको?

काढाप्रेमी: सरळ 'वात' म्हणा की. सांध्यात वायू, आणि इथे तर खरोखरचा!

खडीसाखर: आणि रुग्ण तेल चोळून शेकत बसला तर? याला लागतो शुद्ध ऑक्सिजन आणि दाबकक्ष. साधारण 18 मीटर खोलीइतक्या दाबाखाली परत नेतात, बुडबुडे आवळतात, मग काही तास घेऊन हळूहळू दाब कमी करतात.

भोचक: विमान उतरताना कानाला दडे बसतात, तेही हेच का?

वाटसरू: नाही. ती मध्यकर्णातल्या हवेची गडबड, बुडबुडे नाहीत. आवंढा गिळा, जांभई द्या. नाक दाबून फुंकायचं तर हलकेच, जोर केला तर पडदा दुखावतो.

जुनाजाणता: 'दडे' हे 'दडणे'वरून असावं. आवाज दडतो.

तळटीप: मला तर 'दडपणे'वरून वाटतं. म्हणजे पुन्हा दाबच!

भोचक: आम्ही कानठळ्या म्हणतो.

जुनाजाणता: कानठळ्या आवाजाने बसतात हो. दडे बसले की आवाजच येत नाही.

चांदणचुरा: तूर्त 'डीकम्प्रेशन सिकनेस' देवनागरीतच ठेवते. पुढचं वाक्य बघा: 'एका पाणबुडीनंतर किमान 12 तास, अनेक असतील तर 18 तास विमानप्रवास टाळा.'

जुनाजाणता: पाणबुडी म्हणजे जहाज! 'बुडी' लिहा.

तळटीप: 'बुडी'ने धंदा बुडाल्यासारखा वाटतो. 'सूर'?

खडीसाखर: सूर काठावरून मारतात. पाठीवर नळकांडं बांधून शिडीने उतरणारा सूर कसला मारतोय?